लढाई संपल्यानंतर काढलेले नकाशे : अमेरिकेतील वसाहतयुद्धांचे हस्तलिखित नकाशे कसे वाचावेत?

दिशादर्शक

इ. स. १७५४ ते १७८१ या काळात उत्तर अमेरिकेत आधी ब्रिटिश आणि फ्रेंच यांच्यात, आणि पुढे ब्रिटिश आणि त्यांच्याच बंडखोर वसाहती यांच्यात जी युद्धे झाली, त्यांचे हाताने काढलेले शेकडो लष्करी नकाशे आता घरबसल्या पाहता येतात. त्यांतले बरेचसे इतके देखणे आहेत, की पाहणारा रंगांतच अडकून पडतो. त्यांच्याविषयी जे लिहिले जाते त्यातही सौंदर्याचे आणि अचूकतेचे कौतुक पुष्कळ असते. परंतु एखादा नकाशा लढाईच्या आधी काढला की नंतर, आणि तो कोणाच्या सांगण्यावरून काढला, हे फारसे विचारले जात नाही. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, कारण रणांगणाचा जो आराखडा आपण लढाईचे चित्र म्हणून पाहतो, तो पुष्कळदा एखाद्या साक्षीदाराचा जबाब असतो. हा धागा त्याविषयी आहे.

मोनोंगाहेलाच्या लढाईचे उदाहरण घेतो. ९ जुलै १७५५ रोजी मेजर जनरल एडवर्ड ब्रॅडॉक यांची सुमारे तेराशे जणांची आघाडीची फौज मोनोंगाहेला नदी ओलांडून फोर्ट ड्युकेनकडे, म्हणजे आजच्या पिट्सबर्गच्या जागी असलेल्या फ्रेंच किल्ल्याकडे निघाली होती. वाटेत, दाट जंगलात, फ्रेंच सैनिक, कॅनडातील मिलिशिया आणि त्यांच्या बाजूने लढणारे मूलनिवासी योद्धे यांच्याशी तिची गाठ पडली. समोरच्यांची संख्या नऊशेच्या आसपास होती आणि त्यांत मूलनिवासी योद्धेच अधिक होते. काही तासांत ब्रिटिशांचे मेलेले आणि जखमी मिळून नऊशेच्या घरात गेले. ब्रॅडॉक गंभीर जखमी झाले आणि चार दिवसांनी मरण पावले. त्यांच्यासोबत स्वयंसेवक म्हणून आलेला तेवीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन त्यातून वाचला.

या लढाईचे सर्वांत प्रसिद्ध दोन आराखडे पॅट्रिक मॅकेलर यांनी काढले. ते मोहिमेचे मुख्य इंजिनिअर होते आणि स्वतः त्या दिवशी जखमी झाले होते. पहिल्या आराखड्यात चकमक सुरू होतानाची मांडणी आहे. दुसऱ्यात दुपारी दोनच्या सुमाराची, म्हणजे मागून आलेली मुख्य फौज आघाडीच्या तुकड्यांत मिसळून सगळा गोंधळ माजला त्या वेळची. हे आराखडे जंगलात उभे राहून काढलेले नाहीत. ब्रॅडॉक यांच्या मृत्यूनंतर सेनापतिपद मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर विल्यम शर्ली यांच्याकडे आले. त्यांनी मागणी केल्यावर मॅकेलर यांनी ते तयार केले, हयात असलेल्या प्रमुख अधिकाऱ्यांनी तपासून मान्य केले, आणि मग ते इंग्लंडला पाठवले गेले. सेनापती गेला आहे, तोफा शत्रूच्या हाती पडल्या आहेत, सरकार उत्तर मागत आहे, अशा वेळी हा कागद तयार होतो. तपासून मान्य केलेला आराखडा म्हणजे हयात अधिकाऱ्यांचे एकमत. आणि एकमत होताना कशावर तरी पडदा पडतोच.

आता त्या कागदावर काय दिसते ते पाहा. रांगेच्या दोन्ही अंगांना छोट्या छोट्या रक्षक तुकड्या नीट दाखवल्या आहेत. म्हणजे फौज आंधळेपणाने चालली नव्हती, बाजूंची राखण ठेवली होती. शत्रू वाटाड्यांना प्रथम कोठे दिसला ते अक्षराने दाखवले आहे. म्हणजे गाठ समोरून पडली, दबा धरून हल्ला झाला नाही. या दोन्ही गोष्टी इतिहासकारांना आज मान्य आहेत. पण त्याच आराखड्यात उजव्या हाताला एक टेकडी आहे आणि सर्वाधिक माणसे त्या टेकडीवरून मारली गेली अशी तिची नोंद खुणांच्या सूचीत आहे. ती टेकडी आघाडीने आधीच का ताब्यात घेतली नाही, हा प्रश्न नकाशा स्वतः विचारत नाही. परंतु टेकडी काढल्यामुळे तो प्रश्न पुढची दोन शतके वाचकांच्या मनात येत राहिला. आघाडीचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल थॉमस गेज यांच्याकडे होते. हेच गेज पुढे अमेरिकेतील ब्रिटिश सरसेनापती झाले आणि १७७५ मध्ये बॉस्टनमध्ये अडकले. मॅकेलर यांनी टेकडी वगळली असती तर कोणाची तरी सोय झाली असती. त्यांनी ती वगळली नाही, म्हणून हा जबाब मला बऱ्यापैकी प्रामाणिक वाटतो. तरीही तो जबाबच आहे.

दुसरे उदाहरण १७ जून १७७५ च्या, बॉस्टनजवळच्या बंकर हिलच्या लढाईचे. लेफ्टनंट पेज यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या या लढाईच्या आराखड्यात जमिनीची आखणी जॉन मॉन्ट्रेसर या ब्रिटिश लष्करी इंजिनिअरच्या मोजणीवरून घेतलेली आहे. जमीन, किनारा, रस्ते उत्तम उतरले आहेत. आणि दोन टेकड्यांची नावे मात्र अदलाबदल होऊन पडली आहेत. लढाई मुख्यतः ब्रीड्स हिलवर झाली आणि नाव बंकर हिलचे राहिले, या जुन्या गोंधळात या नकाशाने भरच घातली. सुबक रेघ आणि बरोबर माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे समजण्यासाठी याहून चांगला नमुना नाही.

या आराखड्यांवर पुष्कळदा एक छोटा कागद एका कडेने चिकटवलेला असतो. तो खाली असताना सकाळची मांडणी दिसते. उचलला की दुपारची. साराटोगा मोहिमेतील १७७७ च्या लढायांचा ६२ व्या रेजिमेंटच्या लेफ्टनंट विल्किन्सन यांनी काढलेला आराखडा विल्यम फेडन यांनी कोरून १७८० मध्ये छापला, तोही असाच आहे. तो छापला गेला ब्रिटिश जनरल बरगॉइन यांच्या पुस्तकात, आणि ते पुस्तक होते पराभूत सेनापतीने संसदेपुढे मांडलेल्या बचावाचे. म्हणजे चिकटवलेला कागद ही नुसती कारागिरी नाही. वेळेचा क्रम सिद्ध करण्याची ती युक्ती आहे. कोण कधी कोठे होते, हे ज्याला सिद्ध करायचे असते त्यालाच एकावर एक दोन वेळा दाखवण्याची गरज पडते.

जाणकारांनी भर घालावी, आणि जेथे माझे म्हणणे ताणलेले वाटेल तेथे तसे स्पष्ट सांगावे.

साखळीमोजणी

लेख आवडला, पण ताणलेले वाटेल तेथे सांगा असे आपणच म्हटले आहे, म्हणून सांगतो. आपण लढाईचे आराखडे तेवढे निवडले आहेत. लष्करी नकाशांत त्यांची संख्या दिसायला मोठी आहे, कारण ते जपले गेले, चौकटीत बसवले गेले, छापले गेले. रोजच्या वापराचे कागद मळले, फाटले आणि गेले. जे उरले आहेत त्यांच्याकडे पाहिले तर लष्करी मोजणीदाराचे खरे काम वेगळेच दिसते.

वॉशिंग्टन यांनी स्वतः सतराव्या वर्षी व्हर्जिनियातील कल्पेपर काउंटीचे मोजणीदार म्हणून काम सुरू केले होते. त्यामुळे नकाशा नसलेल्या सेनापतीची अवस्था काय असते हे त्यांना पक्के ठाऊक होते. जानेवारी १७७७ मध्ये त्यांनी बंडखोर वसाहतींच्या काँग्रेसला कळवले, की युद्ध ज्या मुलखात चालले आहे त्याचे अचूक नकाशे नसल्यामुळे आपले मोठे नुकसान झाले आहे. त्याच वर्षी रॉबर्ट अर्स्किन या मूळच्या स्कॉटिश इंजिनिअरची सेनेचे भूगोलतज्ज्ञ म्हणून नेमणूक झाली. अर्स्किन न्यू जर्सीत लोखंडाचा कारखाना सांभाळत होते. १७८० मध्ये ते वारले आणि त्यांचे काम सिमियन डीविट यांनी पुढे चालवले. या दोघांच्या हाताखाली तयार झालेले तक्ते पाहा. त्यांत रस्ता असतो, रस्त्याच्या कडेची घरे मालकांच्या नावांनिशी असतात, खानावळी, गिरण्या, पूल, नदी ओलांडायचे उतार असतात. आणि रस्त्यापासून थोडे बाजूला गेले की कागद कोरा असतो. साखळीने अंतर मोजणारे लोक रस्त्याने चालत गेले, दर वळणाला होकायंत्राने दिशा घेतली, अंतर मोजले, पुढे गेले. जे मोजले नाही ते काढले नाही. ज्याला उद्या पाच हजार माणसे आणि तोफगाडे त्या रस्त्याने न्यायचे आहेत, त्याला डोंगरांच्या सुंदर छटांपेक्षा गिरणीजवळचा पूल तोफ पेलेल की नाही हे हवे असते. या तक्त्यांत कोणाचा बचाव आहे? कोणाचाच नाही.

मोजणीच्या पद्धतीबद्दलही थोडे लिहितो. प्लेन टेबल म्हणजे तिपाईवर बसवलेली आडवी फळी, तिच्यावर ताणलेला कागद आणि नजर धरायची पट्टी. दोन जागांमधले अंतर मोजून कागदावर उतरवले, की त्या दोन्ही जागांवरून दूरच्या झाडाकडे किंवा बुरुजाकडे नजर धरून रेघा मारायच्या. त्या जेथे एकमेकींना छेदतात ते त्या झाडाचे ठिकाण. तेथे प्रत्यक्ष जावे लागत नाही. समोर शत्रूचा तोफखाना असेल तर या गोष्टीचे मोल काय ते सांगायला नको. केप ब्रेटन बेटावरील लुईसबर्ग किल्ला जुलै १७५८ मध्ये पडला. शरणागतीच्या दुसऱ्या दिवशी तेथील केनिंग्टन कोव्ह या खाडीत सॅम्युअल हॉलंड हे लष्करी इंजिनिअर असेच टेबल मांडून मोजणी करत होते. पेंब्रोक जहाजाचे मास्टर तेथे आले, त्यांनी कुतूहलाने हे काम पाहिले आणि शिकवण्याची विनंती केली. त्यांचे नाव जेम्स कुक. पुढच्या वर्षी सेंट लॉरेन्स नदीतून क्वेबेकपर्यंत आरमार नेण्यासाठी जी खोलीची मापे आणि तक्ते लागले, त्यांत कुक यांचा हात होता. हॉलंड यांनी ही हकीकत १७९२ मध्ये ज्या जॉन सिमको यांना पत्रातून कळवली, ते त्या वेळी अपर कॅनडाचे लेफ्टनंट गव्हर्नर होते आणि त्यांचे वडील पेंब्रोकचे कप्तान होते.

तात्पर्य, आपला प्रश्न योग्य आहे, पण तो लढाईच्या आराखड्यांपुरता ठेवावा.

बुरूज

दोन्ही बाजू वाचल्या. आधी की नंतर हा भेद मान्य केला तरी काही कागद दोन्हीकडे बसतात. माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण रॉबर्ट स्टोबो यांचे आहे.

जुलै १७५४ मध्ये फोर्ट नेसेसिटी येथे वॉशिंग्टन यांनी फ्रेंचांपुढे शरणागती पत्करली. तहाच्या अटींनुसार व्हर्जिनिया रेजिमेंटचे दोन कप्तान ओलीस द्यावे लागले. स्टोबो आणि याकोब व्हान ब्राम. स्टोबो यांना फोर्ट ड्युकेनमध्ये ठेवले होते आणि आत हिंडण्याफिरण्याची मोकळीक होती. त्या महिनाअखेरीस त्यांनी किल्ल्याचा आराखडा काढला. शिबंदी किती, पहारा कसा, किल्ला कसा घेता येईल याची पत्रेही लिहिली आणि मित्र असलेल्या मूलनिवासी जासुदांच्या हाती ती बाहेर धाडली. ओलिसाने शब्द दिलेला असताना असे करणे हे त्या काळच्या लष्करी सभ्यतेत काय ठरते, हे वेगळे सांगायला नको. पत्रांवर त्यांनी स्वतःचे नावही घातले होते, याला धाडस म्हणावे की अविचार, हे मला आजही ठरवता येत नाही.

हे कागद पुढच्या वर्षी ब्रॅडॉक यांच्याकडे होते. मोनोंगाहेलाला फौजेचे सामान जसे लुटले गेले तसे सेनापतीचे कागदपत्रही फ्रेंचांच्या हाती पडले, आणि त्यांत स्टोबो यांची पत्रे निघाली. नोव्हेंबर १७५६ मध्ये माँट्रियल येथे त्यांच्यावर खटला चालला आणि शिरच्छेदाची शिक्षा झाली. फ्रान्सहून त्या शिक्षेला मंजुरी आली नाही, म्हणून ती अमलात आली नाही. १७५९ च्या वसंतात ते क्वेबेकहून निसटले, नदीमार्गे लुईसबर्गला पोहोचले आणि तेथून परत क्वेबेकला वेढा घालणाऱ्या ब्रिटिश जनरल वुल्फ यांच्या फौजेत दाखल झाले. वुल्फ यांची फौज ज्या वाटेने कडा चढली ती वाट स्टोबो यांनीच दाखवली, असे पुढे सांगितले गेले. त्यावर इतिहासकारांचे एकमत नाही.

दिशादर्शक यांनी नकाशाला जबाब म्हटले आहे. येथे तर नकाशा हा मुद्देमाल झाला आणि तो काढणाऱ्यालाच मरणाची शिक्षा झाली. आणि हा नकाशा लढाईच्या जवळजवळ वर्षभर आधी काढलेला होता.

शाईदौत

मला इतिहासापेक्षा कागदात अधिक रस आहे, म्हणून त्याबद्दल लिहिते.

या नकाशांतले रंग शोभेचे नाहीत, ती लिपी आहे. किल्ल्याच्या आराखड्यात बांधून झालेले दगडी काम तांबड्या रंगाने, बहुधा किरमिजी छटेने दाखवत. जे बांधायचे आहे ते पिवळ्याने. म्हणून एखाद्या आराखड्यात सगळे बुरूज पिवळे दिसले तर तो किल्ला नसून किल्ल्याचा प्रस्ताव आहे, हे लगेच ओळखावे. पाणी निळसर हिरव्या रंगाचे असते. त्यासाठी पुष्कळदा तांब्याचा जंगाल वापरत. हा जंगाल कालांतराने कागद खातो. नदीच्या रेषेवरच कागद तुटलेला किंवा मागून तपकिरी डाग आलेला असा नकाशा दिसला तर कारण बहुधा हेच असते. मायफळ आणि लोहक्षार यांची काळी शाईही कागदाला तशीच घातक. टेकड्यांसाठी उताराच्या दिशेने बारीक रेघा किंवा पातळ काळ्या शाईचे हात, आणि झाडीसाठी एकेक झाड. जंगल किती दाट आहे हे मोजून काढलेल्या झाडांवरून ठरवू नये. ती झाडे म्हणजे येथे जंगल आहे एवढेच सांगणारी खूण आहे.

नक्कल करण्याच्या पद्धतीवरून नकाशाचे वंशवृक्ष लावता येतात, हा माझ्या मते सर्वांत उपयोगी भाग. मूळ नकाशा कोऱ्या कागदावर ठेवून महत्त्वाच्या बिंदूंवर सुईने टोचत आणि मग खालच्या कागदावरची भोके रेघांनी जोडत. तिरप्या उजेडात पाहिले तर ही भोके आजही दिसतात. तेल लावून पारदर्शक केलेला कागदही वापरत. भोके नकाशाच्या रेघांशी जुळत असतील तर तो नकाशा एकतर नक्कल आहे किंवा त्याच्यावरून नक्कल केली गेली आहे. लंडनच्या टॉवरमध्ये शस्त्रास्त्र मंडळाची चित्रशाळा होती. तेथे अगदी लहान वयाची मुले उमेदवार म्हणून घेऊन त्यांना हे काम शिकवत. स्कॉटलंडमध्ये १७४५ चे बंड मोडल्यानंतर, १७४७ पासून १७५५ पर्यंत, विल्यम रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका इंचाला हजार यार्ड या प्रमाणात मुख्य भूमीचा जो लष्करी नकाशा केला, त्याच्या चित्रकारांत पॉल सँडबी होते. पुढे जलरंगातील निसर्गचित्रांसाठी ते नावारूपाला आले. अमेरिकेत गेलेल्या इंजिनिअरांची नजर याच परंपरेत तयार झाली होती.

तेव्हा दिशादर्शक, आपण मॅकेलर यांचा नकाशा म्हणता तेव्हा आपल्यासमोर असलेली प्रत त्यांच्या हातची आहे की कोणा नक्कलकाराच्या, हे आधी पाहावे लागेल. नक्कल करताना सूचीतले शब्द बदलतात, रंग बदलतो, क्वचित एखादी टेकडीही सरकते.

अभ्यागत

फार माहितीपूर्ण धागा. एक शंका आहे. या सगळ्या चर्चेत मूलनिवासी लोक वाटाडे, जासूद किंवा शत्रू म्हणूनच येतात. त्यांनी स्वतः काढलेले लष्करी नकाशे आहेत का?

वाटसरू

अभ्यागत, आहेत, आणि ते पाहिल्यावर इंजिनिअरांचे नकाशे वेगळ्या नजरेने दिसू लागतात. १७३६ मध्ये लुइझियानाच्या फ्रेंचांनी चिकासॉ लोकांवर स्वारी केली आणि अकिया या गावापाशी मार खाल्ला. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १७३७ मध्ये, अलेक्झांडर द बात्झ या फ्रेंच इंजिनिअरने दोन नकाशांच्या नकला केल्या. त्यांतला एक मिंगो ऊमा या चिकासॉ युद्धनायकाने सांगितलेला होता. त्यात राष्ट्रे म्हणजे वर्तुळे. चिकासॉ मधोमध, भोवती मित्र आणि शत्रू. अंतरे प्रमाणात नाहीत, आणि ती प्रमाणात दाखवण्याचा हेतूही नाही. वर्तुळांना जोडणाऱ्या वाटा दोन प्रकारच्या आहेत : शांततेच्या पांढऱ्या आणि युद्धाच्या तांबड्या. युद्धाच्या वाटा शत्रूच्या गावापर्यंत पोहोचवलेल्या नाहीत, अलीकडेच थांबवल्या आहेत. कारण पुढे तह होऊन त्या पांढऱ्या होतील अशी आशा आहे, असे सूचीत नोंदवले आहे.

सेनापतीला याहून उपयोगी काय असू शकते? कोणत्या गावातून मदत येईल, कोणत्या वाटेने हल्ला येईल आणि कोणाशी बोलणी करणे अजून शक्य आहे, हे एका कागदात आहे. मॅकेलर यांच्या आराखड्यात झाडामागचा योद्धा एक ठिपका आहे; तो कोणत्या राष्ट्राचा, कोणाच्या सांगण्यावरून आला आणि उद्या येईल की नाही, याला तेथे जागाच नाही. ब्रॅडॉक यांचा पराभव प्रामुख्याने त्या न दाखवलेल्या गोष्टीने झाला असे मला वाटते. ओहायो खोऱ्यातील बहुतेक राष्ट्रे त्यांच्या बाजूने नव्हती, आणि फौज चालू लागली तेव्हा सोबत मूलनिवासी वाटाडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

सह्यकडा

आपल्याकडचा धागा येथे एका माणसामुळे जुळतो. अमेरिकेत यॉर्कटाउनला ऑक्टोबर १७८१ मध्ये ज्यांची ब्रिटिश फौज अमेरिकन आणि फ्रेंच सैन्यापुढे शरण गेली ते लॉर्ड कॉर्नवॉलिस दहा वर्षांनी टिपूवर चालून गेले, आणि त्या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठा फौजा त्यांच्या मित्रपक्षात होत्या. मे १७९१ मध्ये श्रीरंगपट्टणासमोरून कॉर्नवॉलिस यांना माघार घ्यावी लागली, तेव्हा मराठा फौज जवळ येऊन पोहोचली आहे याची त्यांना वार्ताच नव्हती, कारण टिपूच्या हलक्या स्वारांनी जासुदांच्या वाटा बंद केल्या होत्या. समोर आलेले स्वार टिपूचेच आहेत असे ब्रिटिशांना प्रथम वाटले. मोजणीदार सोबत असूनही ही अवस्था होती. अलेक्झांडर बीटसन त्या मोहिमेत वाटा मोजत होते, आणि १७९२ च्या वेढ्यात कॉलिन मॅकेंझी इंजिनिअर म्हणून हजर होते. पुढे म्हैसूरच्या मोठ्या मोजणीमुळे नावारूपाला आलेले मॅकेंझी ते हेच.

मोडी अक्षरांत नावे घातलेले मराठी हस्तलिखित नकाशेही उपलब्ध आहेत. त्यांत नद्या वरून पाहिल्यासारख्या आणि किल्ले समोरून पाहिल्यासारखे काढलेले असतात. वाटसरू यांनी सांगितलेल्या वर्तुळांच्या नकाशाप्रमाणे तेथेही प्रमाणापेक्षा वाट आणि ठाणे महत्त्वाचे आहे. त्यावर स्वतंत्र धागा काढावा, येथे विषयांतर नको.

तर्कट

मला मूळ सिद्धांतच पटलेला नाही. क्वेबेक जिंकल्यानंतर ब्रिटिश जनरल मरे यांनी सेंट लॉरेन्स खोऱ्याचा जो प्रचंड नकाशा करवून घेतला, तोही लढाईनंतरचाच. त्यात कोणता जबाब आहे? आणि यॉर्कटाउनचे फ्रेंच नकाशे तर जिंकलेल्यांचे आहेत. जिंकलेल्याला बचाव कशाला लागतो?

दिशादर्शक

सर्वांच्या प्रतिसादांमुळे मूळ मुद्दा अधिक नेमका करता येतो. तर्कट यांच्या दोन्ही उदाहरणांपासून सुरुवात करतो.

मरे यांचा नकाशा १७६० नंतरच्या एकदोन वर्षांत हॉलंड, मॉन्ट्रेसर आणि इतर इंजिनिअरांनी केला. त्यात गावागणिक घरे आहेत, चर्च आहेत, शेते आहेत. आणि सोबतच्या नोंदींत प्रत्येक गावात किती कुटुंबे आहेत आणि हत्यार धरू शकतील असे पुरुष किती, हेही लिहिले आहे. हा मागच्या लढाईचा जबाब नाही, हे मान्य. हा पुढच्या लढाईची तयारी आहे. तह होऊन कॅनडा परत फ्रान्सकडे गेला असता तर पुन्हा स्वारी करताना नकाशा हाताशी असावा, आणि गेला नाही तर नव्या प्रजेवर नजर ठेवता यावी. नकाशाचे श्रेय कोणाचे यावरून मरे आणि मॉन्ट्रेसर यांच्यात पुढे वाद झाला, तो निराळा. तेव्हा आधी की नंतर एवढे विचारून भागत नाही, कोणत्या लढाईच्या आधी आणि कोणत्या लढाईच्या नंतर असे विचारावे लागते. ही दुरुस्ती मला स्वीकारार्ह वाटते.

जिंकलेल्याला बचाव लागत नाही, पण श्रेयात वाटा लागतो. यॉर्कटाउनला पहिला समांतर खंदक ६ ऑक्टोबरच्या रात्री खणायला सुरुवात झाली, दुसरा ११ तारखेला, आणि १४ तारखेच्या रात्री ब्रिटिशांचे क्रमांक नऊ आणि दहाचे मोर्चे एकाच वेळी घेतले गेले. एक फ्रेंचांनी, दुसरा अमेरिकनांनी. त्यानंतरच्या आराखड्यांत कोणत्या खंदकावर कोणाचा रंग आहे हे बारकाईने पाहावे. अमेरिकन तोफखान्याचे मेजर सेबॅस्टियन बाउमन यांनी शरणागतीनंतर तीनच दिवसांनी, २२ ऑक्टोबरला मोजणी सुरू केली आणि २८ तारखेला संपवली. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात छापलेला त्यांचा नकाशा वॉशिंग्टन यांना अर्पण केलेला आहे, आणि ब्रिटिशांनी जेथे शस्त्रे खाली ठेवली ते मैदान त्यात नाव घालून दाखवले आहे. त्या मैदानाला लष्करीदृष्ट्या काहीही महत्त्व नव्हते. त्याउलट फ्रेंच फौजेच्या कूचाचे आणि मुक्कामांचे जे नकाशे लुई-अलेक्झांडर बर्तिए आणि त्यांच्या सोबतच्या अधिकाऱ्यांनी काढले, ते साखळीमोजणी यांच्या वर्गात बसतात : रस्ता, पाणी, तळाची जागा. हेच बर्तिए पुढे नेपोलियनचे चीफ ऑफ स्टाफ झाले. रस्त्यांवरून फौजा हलवण्याचे काम ते अमेरिकेतच शिकले असे म्हणणे धाडसाचे होईल, पण सराव तेथे नक्कीच झाला.

शाईदौत ताई, नक्कल आणि मूळ यांबद्दलचा आपला आक्षेप बिनतोड आहे. त्याला जोडून एका कागदाकडे लक्ष वेधतो. ख्रिस्तोफर गिस्ट हे ओहायो खोऱ्याची वाट ठाऊक असलेले वाटाडे. वॉशिंग्टन १७५३ मध्ये फ्रेंचांना निर्वाणीचे पत्र द्यायला गेले तेव्हाही तेच सोबत होते. ब्रॅडॉक यांच्या वाटेचा त्यांनी काढलेला कच्चा नकाशा उपलब्ध आहे, आणि तो १५ सप्टेंबर १७५५ रोजी इंजिनिअर मॅकेलर यांच्याकडे दिल्याची नोंद त्याच्यावरच आहे. म्हणजे इंजिनिअरने आपली माहिती कोठून जमवली याचा एक धागा आपल्या हातात आहे. वाटसरू म्हणतात ती राष्ट्रांची माहिती गिस्ट यांच्यासारख्या माणसाला नक्की असणार. ती इंजिनिअरच्या टेबलापर्यंत येईपर्यंत गळून पडली, आणि उरले ते मुक्काम आणि अंतरे.

शाईदौत

गिस्ट यांचा कागद मी आत्ताच पाहिला. नदीची रेघ एका दमात ओढलेली आहे, खाडाखोड नाही. हा हात प्रशिक्षित नकाशाकाराचा नाही, पण त्या वाटेने अनेकदा गेलेल्या माणसाचा आहे. नकाशे कोठे पाहावेत असे मला खरडीतून दोघांनी विचारले, म्हणून येथेच लिहिते. तिसऱ्या जॉर्ज राजाचा लष्करी नकाशांचा संग्रह विंडसर येथे आहे. त्यातले सुमारे तीन हजार नकाशे आणि चित्रे २०२० पासून महाजालावर पाहता येतात. सेनापती गेज आणि क्लिंटन यांची दप्तरे मिशिगन विद्यापीठाच्या क्लेमंट्स ग्रंथालयात आहेत. यॉर्कटाउनचे फ्रेंच सेनापती रोशांबो यांचे नकाशे अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने १८८३ मध्ये विकत घेतले. बर्तिए यांचे प्रिन्स्टनला आहेत. प्रतिमा उघडल्यावर आधी पूर्ण मोठी करून कोपऱ्यातली सूची वाचावी, मग पाठीमागची बाजू उपलब्ध असेल तर ती पाहावी. कागद कोणाला पाठवला आणि कधी मिळाला याची नोंद पुष्कळदा तेथेच असते.

साखळीमोजणी

पाठीमागच्या नोंदीबरोबर प्रमाणपट्टीही पाहावी. मोजणी करून काढलेल्या नकाशात ती असतेच, आणि बहुधा यार्डांत असते. प्रमाणपट्टी नसेल, किंवा पट्टी आहे पण दोन ओळखीच्या जागांमधले अंतर तिच्याशी जुळत नसेल, तर जमीन नजरेने काढली आहे असे धरून चालावे. सेंट लॉरेन्सच्या काठची जुनी चर्चे आजही उभी आहेत, त्यामुळे मरे यांच्या नकाशावर हा ताळा सहज घेता येतो. मोनोंगाहेलाच्या बाबतीत अडचण अशी, की ती रणभूमी आता ब्रॅडॉक या गावाखाली गेली आहे आणि तेथे पोलादाचा कारखाना आहे. टेकडीचा मूळ उतार शोधायचा तर जुन्या मोजणीचे तक्तेच काढावे लागतील.